काफिला बाजारात पोहोचण्याआधी

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नऊनंतर जा, तोवर सगळ्या पथाऱ्या लागलेल्या असतात, असं लोक सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे. चांगल्या मालापुरता हा बाजार सातलाच उठतो. नऊ वाजता उरतात झाकण नसलेले मिक्सर, तीन चाकांच्या खेळण्यातल्या गाड्या, कुठल्या तरी दिवंगत कंपनीचे चार्जर आणि ते उलटंपालटं करून पाहणारी आमच्यासारखी माणसं.

मंगळवार पेठेत, शाहीर अमर शेख चौकाजवळ हा बाजार आहे. या शाहिराचं जन्मनाव मेहबूब हुसेन पटेल. बार्शीच्या या माणसाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आपल्या आवाजाने दणाणून सोडल्या. कष्टकऱ्यांसाठी गायलेल्या माणसाच्या नावाचा चौक आणि शेजारी गरिबांचा बाजार, हे मला नेहमीच बरोबर जुळलेलं वाटतं. माझा पहिला कंपासबॉक्स अब्बांनी इथूनच आणला होता. त्यात आधीच्या मालकाचं नाव खिळ्याने कोरलेलं होतं. बी.एड.ला असताना शब्दकोश इथून घेतले. आता नोकरीला वीस वर्षं होत आली, तरी महिन्यातून दोन रविवार मी जातेच.

जाते ती मुलांसाठी. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं सरकारकडून मिळतात. नववीत पाऊल टाकलं की सगळा खर्च घरावर येतो, आणि नेमकी त्याच वर्षी मुलांचे पाय वाढतात, दप्तराचे पट्टे तुटतात, भूमितीला नवी पेटी लागते. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील रोजंदारीवर आहेत. म्हणून माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात दर महिन्याला पाचशे रुपयांची वेगळी घडी असते. त्या पाचशेत पाच-सहा वर्षांपूर्वी काय काय यायचं, सांगू? दोन जोड बूट, एक दप्तर, एक शब्दकोश आणि परतताना चहा. आता एक जोड बूट आला तरी मी अल्हम्दुलिल्लाह म्हणते.

महागाई आहेच. पण जुन्या बाजारातल्या महागाईला आणखी एक कारण आहे, आणि ते पहाटे कपाळावर टॉर्च बांधून येतं.

ही पोरं विशी-पंचविशीतली असतात. पाठीला मोठी रिकामी सॅक, हातात फोन. फजरची नमाज होऊन अजून उजाडायचं असतं, टेम्पोतून गाठोडी उतरत असतात, आणि ही पोरं टेम्पोच्या फाळक्यापाशी उभी. गाठोडं जमिनीला लागायच्या आत त्यात हात जातो. बूट उलटा करून तळवा बघायचा, जीभ वर करून आतलं लेबल बघायचं, शंका असेल तर फोनने फोटो काढून नव्याची किंमत शोधायची. जॅकेट, जीन्स, जुने कॅमेरे, मनगटी घड्याळं, सगळ्याचं तेच. अर्ध्या तासात गाठोड्यातली साय निघून जाते. दुपारी ती इन्स्टाग्रामवर दिसते, धुतलेली, इस्त्री केलेली, पांढऱ्या भिंतीसमोर टांगलेली. नावही बदललेलं असतं. आमच्या लहानपणी ज्याला 'वापरलेले कपडे' म्हणताना आई आवाज खाली आणायची, त्याला आता 'थ्रिफ्ट' म्हणतात आणि कॉलेजातल्या मुली ते अभिमानाने घालतात. त्याला माझी हरकत नाही, उलट आनंदच आहे. उतरलेला कपडा घालण्यातली लाज गेली, हे चांगलंच झालं. फक्त लाजेबरोबर स्वस्ताईही गेली.

गेल्या वर्षीची गोष्ट. नववीतली एक मुलगी आठशे मीटर धावते. विभागीय स्पर्धेला तीन आठवडे होते आणि तिच्या कॅनव्हासच्या बुटाचा तळ पुढून उघडला होता. ती तो रबरबँडने बांधून सराव करायची. मी त्या रविवारी साडेसहालाच पोहोचले. नेहमीच्या मावशींच्या पथारीवर बुटांचा ढीग नुकताच ओतलेला. त्यात करड्या रंगाचा धावण्याचा जोड सापडला, पाच नंबर, तळव्याच्या खाचा अजून शाबूत. मावशी साडेतीनशे म्हणाल्या, मी दीडशेवरून सुरुवात केली, आणि रीतसर घासाघीस होऊन दोनशेवीसला सौदा ठरला. मी पर्स उघडली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मावशी, ढीग उक्ता किती?"

कपाळावर टॉर्चवाला मुलगा होता. वीस-बावीस जोड असतील. मावशींनी ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि पाच हजार म्हणाल्या. तो चार म्हणाला. साडेचारला तुटलं. मावशींनी माझ्या हातातला जोड हळूच सोडवून घेतला.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. सात वाजायच्या आत सगळा माल जातोय. आज घरी जाऊन भाकरी टाकीन."

मी त्या मुलाला म्हटलं, "अरे, हा जोड मी घेतला होता. भाव ठरला होता आमचा."

तो अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, मी तुमचा बूट नाही घेतला. मी ढीग घेतला."

या उत्तरावर काय बोलायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. तोच जोड मला विकशील का, विचारलं तर म्हणाला, "तुमच्यासाठी सातशे. ऑनलाइन बाराशेला जाईल." माझ्याकडे पाचशे होते. ती मुलगी स्पर्धेत धावली ती दहावीतल्या एकीचे बूट घालून, पुढे कापूस कोंबून. चौथी आली. बूट असते तर पहिली आली असती, असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही. पण कापूस कोंबलेल्या बुटात कुणी आठशे मीटर धावू नये, एवढं मला कळतं.

रागाच्या भरात लिहायला बसले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण महिन्याभराने तोच मुलगा चहाच्या टपरीवर भेटला. त्याने ओळखलं, सलाम केला आणि माझ्या चहाचे पैसेही दिले. बी.कॉम. झालाय. वडील हमाली करायचे, आता पाठ गेलीय. वर्षभर एका दुकानात हिशेब लिहिले, लॉकडाऊनमध्ये ते दुकान बंद पडलं. मग घरातलेच दोन जॅकेट धुऊन, फोटो काढून विकले आणि तिथून हा धंदा सुरू झाला. त्याने मला हिशेब मांडून दाखवला. अडीचशेचा जोड, त्यावर धुण्याचं सामान, नव्या नाड्या, खोका, कुरिअर. दहातले दोन नकली निघतात, एकाचा तळवा धुताना सुटतो, एक गिऱ्हाईक 'फोटोतला रंग वेगळा होता' म्हणून परत पाठवतं. उरतं ते घरभाडं आणि वडिलांची औषधं.

मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्वस्त घेऊन फुकट देता, सवाब कमावता. मी स्वस्त घेऊन महाग विकतो, घर चालवतो. माझं काय चुकलं ते सांगा. तुम्ही टीचर आहात."

शिक्षकाला असा प्रश्न विचारला की उत्तर दिल्याशिवाय सुटका नसते. मी त्याला म्हटलं, पुढच्या भेटीत सांगते. आणि खरंच घरी येऊन शोधू लागले.

आधी बाजाराची बाजू समजून घेतली. जुना माल येतो कुठून? सोसायट्यांतून भंगारवाला नेतो, रद्दीवाला नेतो. बोहारीण दारावर येते, स्टीलच्या डब्याच्या बदल्यात चार साड्या आणि दोन पँटी नेते. परदेशातून गठ्ठ्यांनी कपडे येतात. गुजरातमध्ये कांडल्याला ते निवडणारे कारखाने आहेत. लोकरीचे जीर्ण कपडे हरियाणात पानिपतला जातात आणि तिथे त्यांचं सूत होऊन स्वस्त ब्लँकेटं बनतात. या साखळीत प्रत्येक हाताने थोडं थोडं निवडून काढलेलं असतं. मावशींच्या पथारीवर येतं ते चौथ्या-पाचव्या हाताचं. म्हणजे रिसेलर हा काही या साखळीतला पहिला निवडणारा नव्हे. फरक इतकाच की पूर्वी निवड पथारीच्या वरच्या पायऱ्यांवर व्हायची, आता ती पथारीवरच, आमच्या डोळ्यांदेखत होते, आणि त्यानंतर गरीब गिऱ्हाइकासाठी खाली दुसरी पायरी नसते.

मावशींचं काय? त्यांना आधी हे रिसेलर देवदूत वाटायचे. उन्हात बसायला नको, पोलिसाची कटकट नको. मग त्यांच्या नातवाने फोनवर दाखवलं की अडीचशेला गेलेला जोड बाराशेला लागलाय. त्या दिवसापासून मावशींच्या पथारीवर साधा बूट उरलेला नाही. सगळे 'ब्रँड' झाले आहेत. टाचेला भोक पडलेल्या बुटालाही त्या आठशे सांगतात, कारण न जाणो, हाच तो असला तर? रिसेलर हसून पुढे जातो, त्याला खरी किंमत माहीत असते. अडकते ती नववीतल्या मुलाची आई. तिला घासाघीस आठशेपासून सुरू करावी लागते.

हे फक्त आपल्याकडेच आहे, असंही नाही. माझ्या खालाची मुलगी अमेरिकेत ओहायोत असते. तिथे गुडविल नावाची धर्मादाय संस्था आहे, १९०२ मध्ये बॉस्टनला सुरू झालेली. लोक वस्तू दान देतात, त्या दुकानात विकल्या जातात आणि त्या पैशांतून लोकांना कामाचं प्रशिक्षण दिलं जातं. दुकानात न खपलेला माल त्यांच्या आउटलेटमध्ये जातो. तिथे चाकांवरच्या मोठमोठ्या पेट्यांत तो ओतलेला असतो आणि बराचसा वजनावर विकतात. बहीण नवीन गेली तेव्हा मुलांचे थंडीचे कोट तिथून आणायची. ती सांगते, नवी पेटी आत येताना दिसली की हातमोजे घातलेली माणसं तिच्याभोवती जमतात. पुस्तकाच्या बारकोडवर फोन धरायचा, पैसे सुटतील असं दिसलं तर गाडीत, नाही तर परत पेटीत. मुलाचा कोट शोधणारी आई मागच्या रांगेत. मी तिला म्हटलं, अगदी आमचा जुना बाजार! ती म्हणाली, "नाही गं, एक फरक आहे. पेटी जागेवर लागून कर्मचाऱ्याने खूण करेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असा नियम असतो. सगळ्यांनी एकदम."

सगळ्यांनी एकदम. हे दोन शब्द डोक्यात राहिले, कारण तोच विचार मला आपल्या जुन्या ग्रंथांत सापडला होता.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत व्यापाराच्या प्रकरणांत एक मनाई येते. तिला 'तलक्की-ए-रुकबान' म्हणतात. रुकबान म्हणजे माल घेऊन येणारे स्वार, काफिला. खेड्यातून, वाळवंटातून माल घेऊन काफिला शहराकडे येतो आहे, तो बाजारात पोहोचण्याआधीच वाटेत गाठून त्याचा माल विकत घेऊ नका, अशी ही मनाई. कारण उघड आहे. येणाऱ्याला शहरातला भाव माहीत नसतो, म्हणून तो फसू शकतो. आणि सगळा माल एकाच्या हातात गेला की शहरातल्या लोकांना तो सांगेल तो भाव. सहीह मुस्लिममधल्या रिवायतीत तर असंही आहे की वाटेत विकून टाकणारा नंतर बाजारात आला आणि त्याला खरा भाव कळला, तर सौदा मोडण्याचा हक्क त्याला आहे.

चौदाशे वर्षांपूर्वीच्या अरबस्तानातला उंट आणि मंगळवार पेठेतला टेम्पो, यांत मला फारसा फरक दिसला नाही.

शेतकऱ्यांच्या घरातल्या वाचकांना तर यात काहीच नवीन वाटणार नाही. माझे नाना शिरूर तालुक्यात कांदा करायचे. व्यापारी बांधावर येऊन उभ्या पिकाचा उक्ता सौदा करायचा, आणि नाना गप्प बसून मान डोलवायचे, कारण शहरातला भाव त्यांना दोन दिवसांनी कळायचा. याच दुखण्यावर इलाज म्हणून नियंत्रित बाजार आले. वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी १८९७ मध्ये कायदा झाला, महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजारांचा कायदा १९६३ चा. बाजार समित्यांचं पुढे काय झालं हा वेगळा विषय आहे, पण मूळ कल्पना साधी होती. माल आधी आवारात येऊ दे, सगळ्यांना दिसू दे, लिलाव उघड होऊ दे.

याच प्रकरणांत आणखी दोन मनाया शेजारी शेजारी येतात. एक, आपल्या भावाचा सौदा ठरत आला असताना मध्ये पडून आपला सौदा करू नये. दुसरी 'नज्श'ची. घ्यायचं मनात नसताना, निव्वळ भाव चढवायला बोली लावणं म्हणजे नज्श. जुन्या बाजारात हेही चालतं. दोन मित्र एकमेकांना ओळखत नसल्यासारखे उभे राहतात. एक माझ्या हातातल्या दप्तराला 'मी चारशे देतो' म्हणतो. मी वैतागून दप्तर सोडलं की तो 'राहू दे' म्हणून निघून जातो, आणि दहा मिनिटांनी दुसरा तेच दप्तर दीडशेला उचलतो. बोली मला हटवायला होती.

पण फिकहवाल्यांनी दुसरी बाजूही सोडलेली नाही. 'हिदाया' या हनफी ग्रंथात काफिल्याला वाटेत गाठण्याला मकरूह म्हटलंय ते अट घालून. शहरातल्या लोकांचं त्यात नुकसान होत असेल, किंवा येणाऱ्यापासून भाव लपवला जात असेल, तर. दोन्ही नसेल तर हरकत नाही. स्वस्त घेऊन महाग विकणं हा तर व्यापारच झाला, आणि व्यापार हलाल आहे. माल पारखणं, धुणं, दुरुस्त करणं, दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवणं, ही मेहनत आहे आणि मेहनतीचा नफा तिच्या धन्याचा.

पुढच्या भेटीत मी त्या मुलाला हे सगळं याच क्रमाने सांगितलं. तुझा धंदा हलाल आहे. टेम्पोच्या फाळक्यापाशी, मावशींना भाव माहीत नसताना, इतरांनी पाहायच्या आत घेणं हे वेगळं. आणि माझा ठरलेला सौदा मोडून ढीग घेणं हे आणखी वेगळं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, मी फाळक्यापाशी नाही गेलो तर दुसरा जाईल." हे खरं होतं. मी म्हटलं, "म्हणून तर तो नियम एकट्यासाठी नव्हता, बाजारासाठी होता."

त्याने मग मलाच उलट विचारलं, "तुम्हाला उर्दू पुस्तकांतलं कळतं, त्या काकांना नाही कळत. मग तुम्ही काय करता?"

प्रश्न रास्त होता. बाजारात एक काका पुस्तकं विकतात. मराठी पुस्तकं, 'चांदोबा'चे जुने अंक, 'किशोर'चे दिवाळी अंक जमिनीवर. उर्दू लिपीतलं काहीही मात्र स्टुलावर, स्वच्छ रुमालावर. अक्षर वाचता येत नाही, आणि पवित्र काही पायाशी यायला नको, ही त्यांची काळजी. मी दिसले की हाक मारतात, "टीचर, यात काही पाक आहे का बघा." मी बघते. एकदा त्या रुमालावर दुआंची दोन पुस्तकं, घरगुती औषधांचं एक, जुनं उर्दू क्रमिक पुस्तक आणि इब्ने सफी यांच्या 'जासूसी दुनिया'चे सहा अंक होते. ही मालिका १९५२ मध्ये अलाहाबादहून सुरू झाली होती, आणि एका पिढीने उर्दू वाचनाची गोडी तिच्यातून लावून घेतली. काका कर्नल फरीदीच्या रहस्यकथांना रोज सकाळी हात जोडत होते. मी सांगितल्यावर पोट धरून हसले. मग गंभीर होऊन विचारलं, "याला काही किंमत आहे का?"

मी म्हटलं, "आहे. जमवणारे लोक चांगले पैसे देतात. मी वर्गासाठी घेते, मी वीस-वीस रुपयेच देऊ शकते." त्यांनी मला दोन दिली, चार ठेवली. पुढच्या रविवारी ती चार सहाशेला गेली, उर्दूचं एक अक्षर न येणाऱ्या मुलाला. माझी सहकारी म्हणाली, "गप्प बसली असतीस तर सहाही एकशेवीसमध्ये आली असती." आली असती. वर्गातल्या मुलांना आणखी चार गोष्टी वाचायला मिळाल्या असत्या. पण ज्या माणसाने आमची अक्षरं रुमालावर ठेवली, त्याने विचारलेल्या प्रश्नाला मी दुसरं उत्तर देऊ शकत नव्हते. तेव्हा मी त्या मुलाला म्हटलं, मी काय करते ते हे असं. यात माझं नुकसान होतं, हेही खरं.

ते ऐकून तो बदलला वगैरे, असं काही झालं नाही. तो आजही पहाटे येतो. झालं ते एवढंच. गेल्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, मी आणि आणखी दोन शिक्षिका पाच पथारीवाल्यांना भेटलो. विनंती केली की पाच नंबरपर्यंतचे बूट आणि शाळेची दप्तरं नऊ वाजेपर्यंत ढिगात घालू नका, वेगळी ठेवा. स्वस्त द्या असं म्हणालो नाही, जो भाव सगळ्यांना तोच आम्हाला. तिघांनी मान्य केलं. एक दोन रविवारांत विसरला. दोघे अजून पाळतात, आणि त्यातल्या एक मावशी आहेत. आता नऊच्या सुमाराला त्यांच्या पथारीच्या कडेला आया दिसतात, मुलाचा पाय जमिनीवर ठेवून बुटाचं माप बघताना. आम्ही नसलो तरी दिसतात. त्याचं मला जास्त समाधान आहे.

त्या मुलानेही एक केलं. लहान मापं त्याच्याकडे महिनोन्महिने पडून राहतात, ऑनलाइनची गिऱ्हाइकं मोठ्या पायाची. ती तो खरेदीच्या भावाने शाळेला देतो. त्यात त्याची सोयही आहे आणि माणुसकीही, आणि दोन्ही एकत्र असायला काहीच हरकत नाही. सात-आठ नंबर मात्र तो कुणाला सोडत नाही. आणि नववी-दहावीच्या मुलांचे पाय, तुम्हाला ठाऊकच आहे, वर्षभरात सात नंबरला पोहोचतात. त्यांच्यासाठी मी अजून साडेसहाला जाते, आणि बऱ्याचदा रिकाम्या हाताने परत येते.

शेवटी एक विनंती तुम्हाला. रमजानआधी, दिवाळीआधी आपल्या घरांत आवराआवर होते आणि गाठोडी बाहेर निघतात. बोहारणीला द्यायचं ते जरूर द्या, तिचं पोट त्यावर आहे. पण मुलांचे बूट, दप्तरं, कंपासपेट्या, शब्दकोश एवढं बाजूला काढा आणि जवळच्या शाळेत स्वतः नेऊन द्या, मग ती उर्दू असो, मराठी असो, पालिकेची असो. वाटेतले पाच हात वाचतील. बूट धुऊन द्या. आत कागदावर नंबर लिहून ठेवा. आणि देण्याआधी दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधा. बाजारात गाठोडं ओतलं की जोड सुटतात, आणि एका पायाचा चांगला बूट मग रिसेलरही घेत नाही आणि मीही घेऊ शकत नाही.